शेंड्यावर राखलेला हिरडा

पुणे जिल्ह्यातल्या डिंभ्यापर्यंतचा रस्ता भीमाशंकरचाच असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तेथवर वाहनांच्या रांगेतून सरकत जाण्याखेरीज इलाज नसतो. आहुपे गावाचा फाटा घेतला आणि ती गर्दी एकाएकी मागे पडली. पुढे बराच वेळ हुतात्मा बाबू गेनू सागराचे, म्हणजे डिंभे धरणाचे, वैशाखातले आटलेले पाणी सोबतीला होते. आहुप्याच्या कड्यावरून दिसणारे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, तेथली देवराई आणि कोकणातून वर येणारा वारा यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते हिरड्याच्या एका झाडाविषयी.

आम्ही ज्या महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो होतो, त्यांच्या घरी बाळहिरड्याची झोडपणी चालू होती. या भागात पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही इतका पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात मात्र बायका हंडे घेऊन उतारावरच्या विहिरीपर्यंत जातात. तशा दिवसांत आमच्या अंघोळीसाठी एक भरलेला हंडा वेगळा काढून ठेवलेला होता. त्या पाहुणचाराने मी संकोचून गेलो आणि हात-तोंड धुऊन तो तसाच परत दिला, तेव्हा घरच्या आजींना ते आवडले नाही.

सकाळी त्यांच्याबरोबर बांधावरच्या झाडाखाली गेलो. खाली जुनी लुगडी आणि ताडपत्री अंथरली होती, नातू आकडी घेऊन वर चढला होता आणि बोटाच्या पेराहून लहान, हिरवी फळे टपटप पडत होती. एक फळ मी नखाने चिरून पाहिले. आत कोय अजून धरलेली नव्हती. कोय टणक होण्याआधी झोडायचा आणि उन्हात काळा कुळकुळीत होईपर्यंत वाळवायचा, तो बाळहिरडा. झाडावर राहिलेले फळ पिकायला हिवाळा उजाडतो. म्हणजे उन्हाळ्यात झाड पूर्ण झोडले, तर त्या वर्षी त्या झाडाखाली एकही बी पडत नाही. आणि हिरड्याचे बी रुजायला आधीच अवघड, कारण त्याची कोय फार कठीण असते.

नातू अगदी वरच्या फांदीला हात घालू लागला तशा आजी खालून ओरडल्या, “शेंड्याचा ऱ्हाऊ दे रं! समदा ओरबाडला तर रान कशानं व्हायचं?” तो वरूनच म्हणाला, “आपण ठेवला तर दुसरं कोणी नेतंय, आजी.” आजींनी लुगड्यावरची पाने निवडता निवडताच उत्तर दिले, “नेऊ दे. आपुन तर न्हाई नेला.” नातू खाली उतरला. शेंडा तसाच राहिला.

शेंड्यावर राहिलेली ती फळे म्हणजे त्या घराचे रोख पैसे होते. भातशेती पावसावर, हाताला काम हंगामापुरते; आगोटीची खरेदी, मुलांची वह्या-पुस्तके आणि भाताचे बियाणे यांसाठी ऐन वेळी पैसा येतो तो बाळहिरड्याचा. शिवाय ओल्या हिरड्याचा केवढा तरी ढीग वाळून एवढासा होतो. अशा स्थितीत झाडाचा काही भाग राखणे हा त्याग आहे, आणि तो करणारी माणसे कोणत्याही संवर्धनाच्या अहवालात नावानिशी येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नातवाचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. बांधावरचे झाड घरचे असते, भावकीत वाटून आलेले असते. जंगलातले झाड जो आधी पोहोचेल त्याचे होते, आणि मग प्रत्येक जण कोवळेच फळ घाईने उतरवतो. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झाले, तेव्हापासून रानात जाणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या हिरड्यासारख्या मालाची, मालकी गोळा करणाऱ्यांची मानली आहे. ग्रामसभेने झोडपणीचा दिवस ठरवला, शेंडे राखायचे ठरवले आणि ते सर्वांनी पाळले, तरच त्या मुलाला उत्तर मिळेल. एकट्या आजींनी कितीही निग्रह केला तरी तो त्यांच्या बांधापुरताच राहील.

दुसरी बाजू फळाला मिळणाऱ्या भावाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडे पुण्याच्या ‘एईआरएफ’ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने बेहड्याच्या बाबतीत भावाचेच सूत्र धरले. खासगी रानातले जुने बेहडे लाकडासाठी तोडले जात, त्यांच्याच ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. झाड उभे ठेवून फळे विकण्याचे चार पैसे अधिक मिळू लागले तर मालक कुऱ्हाड लावत नाही, एवढा साधा हिशेब. त्यासाठी ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र घेतले गेले, ज्यात किती फळ काढायचे, किती राखायचे आणि गोळा करणाऱ्याला रास्त मोबदला मिळतो का, हे तिन्ही तपासले जाते. भीमाशंकरच्या परिसरातला हिरडाही त्या कामात आला. मला हा मार्ग पटतो, कारण तो राखणाऱ्याला उपदेश न करता पैसे देतो.

घोडेगावच्या एका व्यापाऱ्याकडे मी मुद्दाम उभा राहिलो. तो मूठभर हिरडा हातात घेऊन वाळला आहे का, काळा आहे का, एवढेच बघत होता. झाड पुरते ओरबाडून आणलेले पोते आणि शेंडा राखून आणलेले पोते यांना त्याच्या काट्यावर भाव एकच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोडली, तेव्हाही त्या नुकसानीच्या भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले. भाताचे नुकसान लगेच कळते, हिरड्याचे कळत नाही.

घरी परतल्यावर त्रिफळा चूर्णाच्या डब्या उलटसुलट करून पाहिल्या. हिरडा, बेहडा, आवळा यांचे प्रमाण छापलेले आहे, मुदत छापलेली आहे. हिरडा कोणत्या रानातला आणि तो उतरवताना झाडावर काही ठेवले का, हे एकाही डबीवर नाही. आता मी दुकानात ते विचारतो. दुकानदारांना ठाऊक नसते, पण विचारणारी गिऱ्हाइके वाढली तर त्यांना कंपनीकडे विचारावे लागेल.