आमची वाटचाल : कॅमेरा सोडला त्या रात्रीपासून

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या गाळ्यावर आमच्या शूटिंगच्या फर्मची पाटी लावली, तेव्हा माझ्या गाठीला मुंबईतली बारा वर्षं होती. अटेंडंट म्हणून लेन्सच्या पेट्या उचलल्या, मग फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा, झालो, पुढं तीन मराठी चित्रपटांचा कॅमेरामन. शेवटच्या चित्रपटाचं निम्मं मानधन बुडालं आणि गावी परतलो.

बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला तो कोल्हापुरातच. पुढं ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा कॅमेरा सांभाळणाऱ्या केशवराव धायबरांनी १९२७ मध्ये व्ही. शांतारामबापूंच्या जोडीनं ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. त्यामुळं कॅमेरावाला दिग्दर्शक होतो म्हटलं तरी इथं कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. याचा मला फार आधार वाटला.

पहिली दोन वर्षं लग्नं आणि कारखान्यांच्या जाहिरातींवर निघाली. कॅमेऱ्याचे हप्ते फिटले आणि स्वतःच्या पैशानं लघुपट घेतला, गुऱ्हाळावरचा. दिग्दर्शन माझं, कॅमेराही माझाच.

रात्रीचा सीन होता. गूळ शिजतो त्या काहिलीतल्या वाफेमागून एकच लाईट टाकला, की वाफ कशी उजळून निघते! ती वाफ मला हवी तशी मिळेना. लाईट दोन फूट मागं, पुन्हा पुढं, मग उजेड परतवायला थर्माकोल, मग तो अडवायला कटर. तासभर गेला. चुलवणापाशी बसलेल्या आजी गावातल्याच, कधी नाटकातही न गेलेल्या. मी ‘रेडी’ म्हणालो तर त्या शांतपणे म्हणाल्या, “लेकरा, मगाशी रडू आल्तं बघ. आता न्हाई यायचं.” तोवर गुळव्यानं काहील उतरवायला हाक दिली होती. त्याचा पाक माझ्या लाईटसाठी थोडाच थांबणार!

त्या रात्री घरी जाऊन फुटेज बघितलं. वाफ सुरेख होती, आजींचा चेहरा कोरा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा माझ्या असिस्टंटच्या हातात दिला आणि मी आजींशेजारी पोत्यावर जाऊन बसलो. लाईट वीस मिनिटांत लागला. मला तो थोडा कडक वाटला, पण बोललो नाही. आजी त्यांच्या वारलेल्या धन्याबद्दल सांगत होत्या, सांगता सांगता गप्प झाल्या, आणि मी हातानंच कॅमेरा रोल करायची खूण केली.

आज फर्ममध्ये आम्ही पाचजण आहोत. तोच असिस्टंट आता आमचा कॅमेरामन. पुढच्या हंगामात गुऱ्हाळं पेटली, की याच आजींना घेऊन पूर्ण लांबीचा चित्रपट सुरू करतोय.