गणेशगुडीचा बर्ड बाथ: पहाटेचा स्लॉट घेऊ नका

गणेशगुडीला छोट्या पक्ष्यांच्या फोटोसाठी जाणार असाल तर हाइडचा (पक्ष्यांना न दिसता बसून फोटो काढायच्या आडोशाचा) पहाटेचा, म्हणजे पावणेसात ते नऊचा स्लॉट घेऊ नका. कोणी कितीही गळ घालू दे. बाकीचं खाली लिहितोय, पण हे आधी लिहिलं कारण आमचे पैसे आणि झोप दोन्ही तिथेच गेलं आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

जागा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नाटकातला जोयडा तालुका, काळी नदीवरच्या सुपा धरणाजवळचं गाव. धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायला जे कोठार होतं तेच आजचं ओल्ड मॅगझिन हाऊस, आणि तिथल्या पाण्याच्या कुंड्यांमुळे, म्हणजे बर्ड बाथमुळे, गणेशगुडीचं नाव पक्षीवाल्यांमध्ये झालं. आता आजूबाजूला खाजगी हाइडही झालेत. आमचं बुकिंग अशाच एका खाजगी ठिकाणी होतं, नाव घेत नाही. पुण्याहून बेळगाव, खानापूर, रामनगर असे गेलो. बेळगावपर्यंत मस्त, खानापूरच्या पुढे मात्र आम्ही गेलो तेव्हा रस्त्याची पार वाट लागलेली होती, त्यामुळे लेन्स डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. ट्रेनने येणार असाल तर लोंढ्याला उतरून गाडी करा.

आता त्या स्लॉटबद्दल. फोनवर मालक म्हणाले, "साहेब, सकाळ चुकवू नका, सगळे पक्षी सकाळीच येतात." पक्षी सकाळी लवकर दिसतात हे आपल्यालाही माहीत असतं म्हणून पटकन पटतं. पण ते उघड्या रानात. इथे डोक्यावर इतकी गच्च झाडी आहे की बाहेर ऊन पडलं तरी कुंडीवर आठ-साडेआठपर्यंत संध्याकाळच असते. 600 एमएमची लेन्स f/6.3 वर (हे लेन्सचं छिद्र), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 6400, आणि शटर मिळतोय सेकंदाचा 1/40. ह्या शटरला मान हलवणारा पक्षी शार्प येणं म्हणजे निव्वळ नशीब. आणि मुळात त्या वेळी पक्षी पाण्यावर येतच नाहीत, रात्रभरचे उपाशी असतात, आधी पोट भरतात. दोन तासांत एक पफ थ्रोटेड बॅबलर चालत आला, काठाभोवती पानं उलटीपालटी करून निघून गेला. बस.

तेच साडेनऊनंतर बघा. आधी काहीच नसतं, मग वरच्या फांद्यांत चुळबुळ सुरू होते आणि पाच मिनिटांत अख्खी टोळी खाली उतरते. ब्राउन चीक्ड फुलवेटा सहा-सात एकदम पाण्यात, मागे डार्क फ्रंटेड बॅबलर, मग नीलमणी म्हणजे ब्लॅक नेप्ड मोनार्क. नीलमणीचा नर आमच्यापासून जेमतेम पाच मीटरवर काठावर बसला, मानेमागचा काळा ठिपका आणि गळ्यावरची बारीक काळी रेघ दोन्ही नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं, मग त्याने पाण्यावर नुसती छाती टेकवली आणि परत फांदीवर, असं चार-पाच वेळा. ते बघून पहाटेचं सगळं विसरायला झालं खरंच. साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच, ह्या दोनच वेळा पैसे देण्यासारख्या आहेत.

पैशाचं पण सांगतो. फोनवर माणशी 800 रुपये स्लॉट ठरला होता. तिथे गेल्यावर कॅमेऱ्याचे 500 वेगळे, आणि मोठी लेन्स असेल तर तो "प्रोफेशनल" म्हणून आणखी 500. खोलीच्या बिलात हे सगळं शेवटी जोडून आलं. वाद घातला, थोडे कमी केले, पण मूड गेला तो गेलाच. तेव्हा बुकिंग करताना व्हॉट्सॅपवर लिहून घ्या: स्लॉटचे किती, कॅमेऱ्याचे वेगळे आहेत का, हाइडमध्ये जास्तीत जास्त किती माणसं. आमच्या वेळी सहाच्या जागेत दहा जण कोंबले होते आणि मागच्या बाकावरच्यांना कुंडीचा अर्धा भाग दिसतच नव्हता. आणखी एक, तिथला पोरगा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायला लागला तर सरळ नको म्हणा. पक्षी पाण्यासाठी येणारच आहेत, त्यांना खोटा शत्रू दाखवून पळापळ करायला लावायची गरज नाही. फ्लॅश पण नको.

लेन्सचं म्हणाल तर सगळे सांगतात जितकी लांब तितकी चांगली, इथे ते चुकीचं आहे. पाच मीटरवर 600 एमएम f/6.3 ला फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं शार्प येतं ती, जेमतेम अडीच सेंटीमीटर मिळते, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर त्याहून कमी. डोळा शार्प आणि शेपूट धूसर, असे फोटो ढिगाने येतात. 400 वर या, खोली दुपटीहून जास्त होते आणि पक्षी फ्रेममध्ये तरीही चांगला मोठा येतो. पक्षी बाजूने, सेन्सरला समांतर असेल तेव्हाच बर्स्ट (सलग फोटो) मारा, समोरून येणाऱ्यावर कार्ड भरू नका. लेन्सवरचा फोकस लिमिटर (किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण) फुल वर आहे ना बघा, दहा मीटरच्या पुढे लॉक असेल तर कुंडीवर फोकस लागणारच नाही. अंघोळीचे थेंब गोठवायला 1/1000 लागतो, तो ह्या झाडीत विसरा. पक्षी पाण्यातून बाहेर येऊन क्षणभर थांबतो, पिसं फुगवायच्या आधी, तेव्हा 1/125 लाही काम होतं.

आणि आयएसओला घाबरू नका. विशेषतः जुन्या बॉडीवर 6400 ला नीट एक्स्पोज केलेला फोटो 1600 ला काळा काढून नंतर उचललेल्यापेक्षा साफ येतो. फक्त स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली घ्या, त्याची पांढरी पिसं एकदा जळली की रॉमधूनही (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाहीत.

घरी येऊन एडिट करायला बसाल तेव्हा पहिला धक्का रंगाचा बसेल. सगळ्या फोटोंवर हिरवी झाक असते, कारण तो उजेड पानांतूनच गाळून आलेला. ऑटो व्हाइट बॅलन्सवर सोडू नका. कुंडीचा सिमेंटचा काठ फ्रेममध्ये कुठेतरी असतोच, त्याच्या कोरड्या भागावर व्हाइट बॅलन्सचा पिकर टेकवा, नाहीतर टिंट हळूहळू मॅजेंटाकडे न्या, पक्ष्याच्या पोटाचा पांढरा भाग हिरवा दिसायचा थांबला की थांबा. नॉइजसाठी, म्हणजे फोटोतल्या दाण्यांसाठी, लाइटरूम ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं 2023 साली आलेलं एआय डिनॉइज ह्या फोटोंसाठी फार कामाचं आहे, पण ते पन्नासवर उघडतं, मी तीस-पस्तीसच्या वर नेत नाही. त्यापुढे छातीची बारीक पिसं मेणासारखी गुळगुळीत होतात. उरलेला नॉइज पार्श्वभूमीला वेगळा मास्क लावून काढा, आणि शार्पनिंग फक्त पक्ष्यावर, खास करून डोळा आणि चोचीभोवती.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते निळ्याचं. टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर, इंडियन ब्लू रॉबिन, नीलमणी, हे सावलीत बरेच फिके, राखाडीकडे झुकलेले दिसतात. इंटरनेटवर दिसणारा तो चमचमता निळा स्लायडर ओढून आणलेला असतो, त्यात पिसांचे बारकावे मरतात, आणि ते बघून आपण इतक्या लांब जातो आणि समोरचा पक्षी फिका का म्हणून कॅमेऱ्याला दोष देतो. सॅच्युरेशनला हात लावू नका, निळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा वर करा, तेवढं पुरतं. सिमेंटचा काठ पुसून त्या जागी शेवाळ रंगवणं तर बंदच करा. कुंडीवर काढलाय तर खाली तसं लिहा.

काळी नदीवर ब्लू इअर्ड किंगफिशर दिसला, फोटोही मिळाले, तिथे काही अडचण आली नाही. फ्लेम थ्रोटेड बुलबुल, गोव्याचा राज्यपक्षी, तो होमस्टेच्या अंगणातच चहा पिताना दिसत होता.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या मध्यापर्यंत. रानातलं पाणी आटायला लागलेलं असतं म्हणून कुंडीवर गर्दी होते, आणि ब्लू रॉबिन, ब्लू कॅप्ड रॉक थ्रश हे हिमालयाकडचे पाहुणे अजून परत गेलेले नसतात. एप्रिल-मेमध्ये स्थानिक पक्षी भरपूर येतील पण हे दोन मिळतीलच असं नाही. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी हाइडमध्ये तीन-चारच माणसं असतात आणि हवी ती खुर्ची मिळते. डावीकडची मागा, दुपारी उजेड त्या बाजूने बरा येतो.