तुम्ही विचारलंत म्हणून: व्यसनमुक्तीचा सरकारी पैसा उसाच्या फडापर्यंत का पोचत नाही?

"सरकार व्यसनमुक्तीला पैसे देतं म्हणे, मग आमच्या ऊसतोड टोळीतल्या माणसाला त्यातलं काय?" कोल्हापुरात गळीत हंगाम सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो.

रोख रक्कम रुग्णाच्या हातात येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के देतं. त्यातून डॉक्टर, समुपदेशक, औषधं. सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं, पण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा कसा खर्च झाला याचा दाखला, रखडलं की पुढचा हप्ता रखडतो. पगार थकला की समुपदेशक सोडून जातात आणि खाटा तेवढ्या उरतात.

फडावरची अडचण आणखी वेगळी. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, आणि सकाळी गेलं की खाडा, म्हणजे कामावर गैरहजेरी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर असताना खाडा कोण भरणार? म्हणून आजार अंगावर काढला जातो. हंगामात संध्याकाळचा विभाग हवाच, आणि ती मागणी जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात लेखी गेली तरच तिला पैसे मिळतात.

रेशनकार्ड गावाकडं राहिलंय म्हणून कुणी परत पाठवलं, तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 दाखवा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडं कार्ड नसलं तरी सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत, आणि दारू किंवा ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार या कायद्यात बसतात. गडहिंग्लज उपजिल्हा रुग्णालयासारख्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, एकदम तोडू नका. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, न्या. अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका; आधी थायमिन (जीवनसत्त्व ब-1) दिलं नाही तर मेंदूला इजा होऊ शकते. दारू किती आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरं सांगा.

हंगाम संपून बीडकडं परतताना औषधांची नावं आणि डोस लिहिलेला कागद मागून घ्या, शक्य असेल तर महिनाभराच्या गोळ्याही. तिथंही हाच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. वाटेत काही झालं तर 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (टेली-मानस) मराठीत बोलता येतं, फोन मोफत. व्यसनासाठी 14446.