इगतपुरी : पाणी दोन्ही समुद्रांकडे वाटणारे गाव

नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या बहुतेकांना इगतपुरी माहीत असते ती रेल्वेच्या खिडकीतून दिसते तेवढीच. गाडी थांबते, फलाटावर वडे आणि चहा विकणाऱ्यांची हाळी ऐकू येते, आणि मग घाट सुरू होतो. नाशिकपासून जेमतेम ४५ किलोमीटरवर असलेल्या या तालुक्याच्या गावी मुद्दाम उतरणारे नाशिककर मला फारसे भेटले नाहीत. उतरतात तेही पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, भावलीच्या धबधब्याखाली भिजण्यापुरते. धबधबा सुंदर आहे, पण हे गाव त्याहून पुष्कळ मोठे काही दाखवते.

नाशिक आणि इगतपुरी ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण एकाच उंचीवर, सुमारे ६०० मीटरवर आहेत. त्यामुळे आपण डोंगरातल्या गावी चाललो आहोत असे नाशिकच्या बाजूने जाताना वाटतच नाही. घोटी मागे पडली की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, एवढेच. मुंबईकडून येणाऱ्याला मात्र कसाऱ्यानंतर सह्याद्रीची भिंत चढूनच इगतपुरी गाठावी लागते. गाव पठाराच्या अगदी काठावर वसलेले आहे, आणि तिथला पाऊस, भात, रेल्वे, किल्ले, धरणे आणि उन्हाळ्यातले हाल हे सारे या काठामुळेच आहे.

पावसाचेच पाहा. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या कड्यावर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि जवळचे बहुतेक पाणी तिथेच टाकून पुढे निघतात. म्हणून इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि नाशिक शहराच्या वाट्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. पुढे सिन्नरला तर पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. इतक्या थोड्या अंतरात हवामान इतके पालटताना पाहायचे असेल, तर जुलैत सकाळी सिन्नरहून निघून दुपारपर्यंत इगतपुरी गाठावी.

पडलेल्या पाण्याच्या वाटा पुढे फुटतात. घाटाच्या पश्चिम उतारावरचे पाणी भातसेच्या खोऱ्यात जाते, उत्तरेकडे वैतरणा आहे, आणि या दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी अरबी समुद्रात जाते. दारणा मात्र तालुक्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेला वळते, गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. गावाबाहेर घाटनदेवीचे मंदिर आहे. घाटाची राखणदार म्हणून वाहनचालक आजही तिच्यापुढे हात जोडतात. मंदिराच्या मागे गेल्यावर जमीन एकदम संपते आणि समोर खोल, हिरवी दरी उघडते. महामार्गालगतची उंट दरी याच खोऱ्याची दुसरी बाजू दाखवते. ही दरी धुक्याने भरलेली असताना लोक फोटो काढतात आणि परततात. मी म्हणेन, धुके हटेपर्यंत थांबावे, कारण खालचे ओहळ भातसेकडे कसे गोळा होत जातात हे दिसले की मुंबईच्या नळाचे पाणी कुठून येते ते वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

या दरीतून रेल्वे वर आणण्याचे काम १८६५ मध्ये पूर्ण झाले. देशात पहिली प्रवासी गाडी धावून तेव्हा बाराच वर्षे झाली होती. थळ घाटातला, म्हणजे कसारा घाटातला, हा चढ ३७ मीटरमागे १ मीटर इतका तीव्र आहे. त्यामुळे कसाऱ्याला आजही वर येणाऱ्या गाड्यांच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात, आणि इगतपुरीला आल्यावर ती सोडवतात. फलाटाच्या टोकाला उभे राहिले तर हे काम जवळून पाहता येते. बँकर गाडीला भिडलेले असते, माणूस खाली उतरून जोड सोडवतो, इंजिन हळूच मागे सरकते, आणि कालपर्यंत आपण ज्या गाडीला एकाच इंजिनाची समजत होतो ती प्रत्यक्षात मागून ढकलत वर आणलेली असते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे अवश्य दाखवावे.

निसर्गाबरोबर इतिहासाची ओढ असलेल्यांसाठी गावाच्या उत्तरेला त्रिंगलवाडीचा किल्ला आहे. पायथ्याच्या तलावाच्या काठाने वाट जाते आणि चढ सुरू होण्याआधी एक जैन लेणे लागते. त्याच्या दाराची चौकट कोरीव आहे, आतल्या मूर्तीची बरीच मोडतोड झाली आहे, आणि पावसाळ्यात लेण्यात पाणी साचलेले असते. वरचा कातळमाथा पगडीसारखा दिसतो. अखंड खडकात कोरलेल्या उंच पायऱ्या चढून दरवाजाशी आलो की शेजारच्या कातळातच मोठा मारुती कोरलेला आहे. पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा बुटांचा तळ झिजलेला नसावा. माथ्यावरून दक्षिणेला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, आणि त्याच्या रांगेतले अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग दिसतात. कळसूबाईला जायचे असेल तर घोटीवरून बारी गावी जावे लागते. ते शिखर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात मोडते, पण चढणाऱ्यांची मोठी वर्दळ नाशिकच्याच बाजूने असते.

मला विचाराल, तर या भागात जाण्याचा उत्तम काळ जुलै नव्हे. जुलैत धुके इतके दाट असते की कित्येकदा डोंगर दिसतच नाहीत. सप्टेंबरचा शेवट गाठावा. तेव्हा उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, ओहळ वाहत असतात आणि आभाळ उघडलेले असते. जुलैत जायचेच असेल, तर आवणी पाहायला जावे. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकून भाताची रोपे लावत असतात, पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद असतो, आणि रोपांची जुडी सोडून दोन-तीन काड्या चिखलात रोवण्याचा त्यांच्या बोटांचा वेग पाहत राहावा असा असतो. इंद्रायणी आणि ‘एक हजार आठ’ या जातींचे तांदूळ इथूनच नाशिकच्या घरांत येतात. घोटीला भाताच्या गिरण्या आहेत. दिवाळीनंतर तिथे नवा तांदूळ मिळतो आणि तो शिजताना घरभर वास सुटतो.

तालुक्यात दारणा, मुकणे, भावली, भाम, वाकी, कडवा आणि अप्पर वैतरणा एवढी धरणे आहेत. दारणा धरण ब्रिटिश काळातले; त्याचे पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी कोपरगाव, राहात्याच्या उसापर्यंत पोहोचते. अप्पर वैतरणा मुंबईला पाणी देते. मुकणेचे पाणी नलिकेने आमच्या नाशिक शहरात येते. आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या डोंगरकडेच्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांवर बाया-बापड्या डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. काळ्या बेसाल्टचा थर घट्ट असल्याने आणि उतार तीव्र असल्याने पडलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. ते जिथे अडवले जाते तिथून ते दूरच्या शहरांसाठी आणि शेतांसाठी आरक्षित असते, आणि उंचावरच्या वाडीपर्यंत ते वर चढवायला खर्च येतो. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना त्याच पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागावी, हे मला अन्यायाचे वाटते, आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हा नाशिककरांनी तरी त्याकडे काणाडोळा करू नये. जंगलात प्यायच्या पाण्याची बाटली टाकून येणाऱ्यांचा राग येतो तो यामुळेही. भावलीच्या ओढ्यात अडकलेले प्लॅस्टिक पुढे धरणातच जाते.

गावाच्या डोंगरावर १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या मौनशिबिरांसाठी तिथे जगभरातून माणसे येतात. ते पर्यटनस्थळ नव्हे, त्यामुळे आतल्या साधकांची शांतता मोडेल असे वागू नये.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यातल्या सुमारे ७.८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून घाट काही मिनिटांत पार होतो. ज्यांना मुंबईत वेळेवर पोहोचायचे आहे त्यांची मोठी सोय झाली आहे. इगतपुरी पाहायची असेल, तर मात्र नाशिकरोडहून सकाळच्या गाडीने निघावे, स्थानकावर उतरून चालत घाटनदेवीला जावे, दुपारी रिक्षाने त्रिंगलवाडीचा पायथा गाठावा आणि अंधार पडण्याआधी किल्ला उतरावा. भावलीला जायला दुसरा दिवस ठेवावा, आणि तो रविवार नसावा.