ग्रिबेल बेटावरचे पांढरे अस्वल आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरणे

‘ग्रिबेल बेटावर दर तिसरे अस्वल पांढरे असते’ हे वाक्य कॅनडातील व्हँकूव्हरच्या एजंटने आम्हाला इतक्या वेळा ऐकवले, की तीन दिवसांत निदान दोन-तीन तरी पांढरी अस्वले दिसणार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात तीन दिवसांत एकूण चार अस्वले दिसली. त्यांतील तीन काळी होती आणि एकमेव पांढरे शेवटच्या दिवशी अकरा मिनिटे समोर होते. एजंटचे प्रमाण खोटे होते असे म्हणता येणार नाही, परंतु बेटावरच्या ओढ्यावर मासे पकडायला मुळात अस्वले किती येतात हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनारी वर्षावनातील हे ‘स्पिरिट बेअर’ म्हणजे काळ्या अस्वलाच्याच एका उपप्रकारातील पांढरे अस्वल होय. पांढरा रंग येण्यासाठी एका विशिष्ट जनुकातील बदल आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे काळ्याकुट्ट मादीमागे पांढरे पिल्लू चालताना दिसू शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा जनुकीय बदल पूर्वीच्या अंदाजापेक्षा निम्म्यापर्यंत विरळ असल्याचे आढळले आहे. पैसे भरण्यापूर्वी आम्हाला एवढे ठाऊक असते, तर तीनऐवजी पाच दिवस घेतले असते. तीन दिवसांपेक्षा कमी मुदतीची सहल कोणी विकत असेल, तर ती घेऊ नये.

व्हँकूव्हरहून विमानाने प्रिन्स रूपर्टला जावे लागते. तेथील विमानतळ गावात नसून समोरच्या डिग्बी बेटावर आहे आणि गावात येण्यासाठी बस व फेरी असा प्रवास करावा लागतो, हे आम्हाला विमानातून उतरल्यावर समजले. परतीच्या दिवशी यासाठी वेळ राखून ठेवावा. तेथून सुमारे १४५ किलोमीटर दक्षिणेला हार्टली बे हे गिटगाट या मूळनिवासी लोकांचे गाव आहे. तेथे रस्ता पोहोचत नाही, म्हणून होडी किंवा पाण्यावर उतरणारे विमान एवढेच पर्याय उरतात. गावात रस्त्यांऐवजी लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत आणि मुक्काम सुखाचा झाला, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लिहायचे आहे ते तेथून होडीने जाऊन ग्रिबेलवर उतरण्याविषयी. माहितीपत्रकात ‘होडीतून उतरून थोडेसे चालणे’ असे छापलेले होते. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी सहा मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि आम्ही पोहोचलो ती पौर्णिमेनंतरच्या दिवसाची सकाळ होती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रबरी होडी आणि झाडी यांच्यामध्ये जो उतार उघडा पडला होता, त्यावर कलिंगडाएवढे सुटे दगड, त्यांवर तपकिरी समुद्रशेवाळाचा जाड थर आणि शेवाळ नसेल तेथे सुरीसारखी धार असलेले कालवांचे कवच, अशी स्थिती होती. कोकणातल्या कातळावर लहानपणापासून वावरलेलो असूनही मी दोनदा घसरलो. माझ्या पत्नीचा गुडघा सुजला आणि कॅमेऱ्याची एक लेन्स खाऱ्या पाण्यात गेली. जेमतेम साठ-सत्तर मीटरच्या त्या टप्प्याला आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट येथे निरुपयोगी आहेत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दोन काठ्या आणि रबरी हातमोजे हवेतच. कॅनडा सरकारची भरती-ओहोटीची कोष्टके विनामूल्य मिळतात, ती पाहूनच तारखा ठरवाव्यात. अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या सुमारास, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असलेल्या भांगाच्या दिवसांत जावे. कॅनडातील सहलीसाठी तिथी पाहा म्हटल्यावर हसू येईल, परंतु गुडघा सुजल्यावर येत नाही.

दुसरी तक्रार पैशांची आहे. ‘विशेष प्रवेश परवाना’ या नावाखाली एजंटने माणशी तीनशे डॉलर वेगळे घेतले. वाटाड्याला विचारले, तेव्हा ती रक्कम त्याच्या शुल्कात आधीच धरलेली असल्याचे कळले. दोन महिने पत्रव्यवहार करूनही परतावा मिळालेला नाही. एजंटला मध्ये घेऊच नये, थेट गावातील लोकांशी बोलावे आणि काय समाविष्ट आहे ते लेखी घ्यावे. नावाड्याने ‘आज निघायचे नाही’ असे सांगितले, तर मात्र त्याच्याशी वाद घालू नये. मार्च २००६ मध्ये ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही फेरी जवळच्या गिल बेटावर आदळून बुडाली, तेव्हा याच गावच्या होड्या मध्यरात्री मदतीला धावल्या होत्या. ते पाणी त्यांना कळते, आपल्याला नाही.

ओढ्याकाठच्या लाकडी मचाणावर दिवसभर पावसात बसावे लागते. ताडोबात जिप्सी फिरवून वाघ शोधण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जाते. पिसे भरलेले जाकीट दुसऱ्या तासात ओल्या गोधडीसारखे होते, त्यापेक्षा कोळ्यांसारखा रबरी रेनकोट बरा.

तिसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने तीन तास उशिरा निघालो आणि पाणी बरेच वर आल्यावर दुपारी उतरलो. सकाळ वाया गेली, अशी कुरकुर सोबतच्या जर्मन जोडप्याने केली. साडेतीनला समोरच्या देवदारांतून ते पांढरे अस्वल बाहेर आले. पांढरे म्हणण्यापेक्षा सायीच्या रंगाचे, पोटाखाली चिखलाने माखलेले. पाण्यात उभे राहून त्याने तिसऱ्या झडपेला गुलाबी सॅल्मन उचलला. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले आहे, की दिवसा पांढऱ्या अस्वलाला काळ्यापेक्षा मासे अधिक मिळतात, कारण पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशापुढे ते कमी जाणवत असावे. मी त्या अकरा मिनिटांत चार छायाचित्रे काढली, चारही हललेली आहेत, आणि त्याचे मला काहीही वाटत नाही. एजंटचे तीनशे डॉलरही त्या वेळी मी माफ केले होते. व्हँकूव्हरला परतल्यावर ती माफी मागे घेतली.

पाचच्या सुमारास परतताना भरती पूर्ण झालेली होती. होडी गवताच्या काठाला लागली आणि पत्नीने एका पावलात तिच्यात पाय ठेवला.