ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' : घ्यावा का, आणि कुठला?

घ्यावा. मात्र घेण्याआधी गाण्यांची यादी नीट वाचा, कारण याच नावाचे वेगवेगळे अल्बम बाजारात आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं काढला तो मूळ : १७ गाणी, सुरुवात 'बोहेमियन रॅप्सडी'नं, शेवट 'वी आर द चॅम्पियन्स'नं. त्या देशात आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. अमेरिकेत त्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीत १४ गाणी होती. १९९२ मध्ये तिथं लाल कव्हरचा आला, त्यात तर 'बोहेमियन रॅप्सडी'च नाही. ते 'क्लासिक क्वीन' या दुसऱ्या संकलनात गेलं. यादी 'वी विल रॉक यू'नं सुरू होत असेल तर तो हा लाल कव्हरचा समजा.

रेकॉर्ड घेणार असाल तर आणखी एक अडचण. एका बाजूवर साधारण २२ मिनिटांपर्यंत आवाज तबकडीवर भरदार कोरता येतो. इथं प्रत्येक बाजू जवळपास २९ मिनिटांची आहे. एवढं बसवायचं तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी खाली येते आणि सुईची खरखर जास्त जाणवते. त्यातून तबकडीच्या मध्याकडे खाचेचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहून कमी होतो. 'बोहेमियन रॅप्सडी' बाहेरच्या कडेला आहे, म्हणून ते या त्रासातून सुटतं. 'वी आर द चॅम्पियन्स'चा कोरस अगदी आतल्या खाचांत येतो आणि तिथंच 'स', 'श' फाटतात. दोन तबकड्यांवर पसरलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, नाहीतर सरळ सीडी.

संकलन म्हणून याची मांडणी अजूनही अव्वल आहे. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' या गाण्यांच्या शब्दांत एकमेकांचा उल्लेख आहे. 'जॅझ' (१९७८) या अल्बममध्ये त्यांच्या मध्ये 'जेलसी' येतं. इथं ती लागोपाठ आहेत आणि तो खेळ पहिल्यांदा नीट ऐकू येतो. मात्र 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' इथं सिंगलसाठी (गाण्याच्या सुट्या छोट्या रेकॉर्डसाठी) कापून लहान केलेलं, सुमारे ३:२० चं आहे. पूर्ण ४:१६ चं हवं तर 'जॅझ'च लावा. 'नाऊ आय अ‍ॅम हिअर' हेडफोनवर ऐका; गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात उडी मारतो.

तक्रार खरी आहे ती वेगळीच. या १७ पैकी १० गाणी फ्रेडी मर्क्युरीनं लिहिलेली (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवणारा तो फारोख बुल्सारा), ५ गिटारिस्ट ब्रायन मेची, २ बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनची. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. त्याचं 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार' हे 'बोहेमियन रॅप्सडी' सिंगलच्या मागच्या बाजूला होतं, म्हणजे लाखो घरांत पोचलं होतं, तरी इथं जागा नाही. नुसतं हे संकलन ऐकणाऱ्याला क्वीन तिघांचाच बँड वाटेल.

दुसरं नुकसान 'क्वीन टू' (१९७४) या अल्बमचं. त्याची दुसरी बाजू, 'काळी बाजू' म्हणतात ती, पूर्णपणे फ्रेडीची. तिथं गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि अखेरीस 'सेव्हन सीज ऑफ राय' येतं. त्याच्या शेवटी समुद्रकिनाऱ्याचं एक जुनं इंग्रजी गाणं गायलं जातं, आणि त्याच वर्षीच्या 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बमच्या सुरुवातीला तीच चाल शिट्टीवर ऐकू येते. संकलनात त्या गाण्यानंतर थेट 'वी विल रॉक यू'चं पाय आपटणं सुरू होतं, धागा तिथंच तुटतो.

म्हणून याच्या जोडीला आधी 'क्वीन टू' घ्या आणि लगेच 'शीअर हार्ट अटॅक'. 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' तिसरा. 'अंडर प्रेशर' या गाण्यासाठी मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. ब्रिटिश आवृत्त्यांत ते १९९१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स टू'वर आहे, आणि टेलरचं 'रेडिओ गा गा'ही तिथंच.