व्हॉल्व्ह शेवटी बघा

माळ्यावरून आजोबांचा रेडिओ खाली आला की लोकांचा मला पहिला प्रश्न ठरलेला: “याचे व्हॉल्व्ह आता कुठे मिळतात हो?” फिलिप्स असो, मर्फी असो, प्रश्न तोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांची, काळजी सगळ्यात शेवटी करा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ठणठणीत निघतात. मरतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग.

त्यातला एक तर पक्का घातकी. ईएल८४ हा आउटपुटचा व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, मागच्या व्हॉल्व्हकडून आवाज आणून देणारा कंडेन्सर. जुना माल म्हणजे कागदाची गुंडाळी आणि वर मेण. कागदाला ओल धरली की आवाजाबरोबर मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं डीसीही झिरपायला लागतं. ग्रिडवर, म्हणजे दोन नंबरच्या पिनेवर, शून्य व्होल्ट हवेत. तिथे दोन-चार व्होल्ट चढले की व्हॉल्व्ह मोकाट करंट ओढतो. मग मीटर तीन नंबरला, कॅथोडवर लावा. खाली १३५ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर ७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, म्हणजे पन्नासएक मिलिअँपिअर. ११ दिसले तर करंट ८० च्या वर गेला. गंमत अशी, की एवढं होऊनही रेडिओ वाजतो. घरचे खूश होतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं, आणि इकडे व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर भाजत असतो. तो जळाला की रिवाइंडिंगवाला शोधत फिरा.

‘सगळं ओरिजिनल ठेवायचं’ म्हणणारे भेटतात. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. वाजवायचा असेल तर मेणाचा प्रत्येक कंडेन्सर काढा आणि ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावा. त्याला चहाएवढे पैसे पडतात. फिल्टरचे मोठे कंडेन्सरही बदला, नाहीतर घूंऽऽ जाणार नाही. मात्र तिथे ‘जास्त तेवढं बरं’ चालत नाही. ईझेड८० रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडच्या वर गेलात तर तो बिचारा चालू करतानाच मार खातो.

हे कंडेन्सर बदलून झाल्याशिवाय प्लग घालूच नका, वरची व्होल्टची मोजणीही त्यानंतरच. घालाल तेव्हाही मध्ये ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. तो चमकून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडलेलाच ठेवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका. आणि बंद केल्यावरही फिल्टरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. रेझिस्टन्स लावून ते उतरवल्याशिवाय आत हात नको.

एवढं करून व्हॉल्व्हच गेलेला निघाला तर? ईएल८४ आणि ईसीसी८३ आजही नवे बनतात, स्लोव्हाकियात आणि रशियात. पुण्याई गिटारवाल्यांची. व्हॉक्सच्या एसी३० गिटार अँप्लिफायरमध्ये चार-चार ईएल८४ लागतात. ईसीएच८१ सारखे खास रेडिओचे व्हॉल्व्ह आता जुन्या साठ्यातूनच मिळवायचे. नशीब असेल तर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे खोक्यातले, न वापरलेले हाती लागतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळालाय आणि रिवाइंडिंगही होत नाही, तर मी आत छोटा आयसीचा बोर्ड बसवतो. लाज कसली? लाकडी पेटी आणि रुंद स्पीकर तोच असतो, आणि ज्याला लोक ‘व्हॉल्व्हचा आवाज’ म्हणतात त्यातला बराचसा तिथलाच. पण ट्रान्सफॉर्मर शाबूत असताना केवळ ब्लूटूथसाठी चासी (आतला धातूचा सांगाडा) रिकामी करणं मला पटत नाही. बऱ्याच सेटना मागे रेकॉर्ड प्लेअरसाठी सॉकेट असतं, मोबाइलचा आवाज तिथून आत जातो. फक्त आधी व्हॉल्व्हवरचं नाव वाचा. यूसीएच, यूएल अशी ‘यू’ची मंडळी असतील तर तो एसी-डीसी सेट. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट लाइनवर येऊ शकते, बटणाच्या स्क्रूला हात लागला तरी झटका बसतो. त्याला मोबाइल अजिबात जोडू नका.